खिशावरचं नाव

"अगदी पांढराशुभ्र हवा, ओर्फिलियाबाई. धुतल्यासारखा नको, नवा शिवल्यासारखा," असं म्हणत मिर्ताने कागदात गुंडाळलेला डगला टेबलावर ठेवला.

हे टेबल ओर्फिलियाच्या मागच्या अंगणात, द्राक्षाच्या मांडवाखाली असतं. सकाळी कामाला हात घालण्याआधी आम्ही दोघी तिथे बसून येर्बाच्या पानांचा कडू चहा पितो, एकाच वाटीतून, एकाच नळीने, पाळीपाळीने. मी नेलीदा, तिची शेजारीण. आमच्या परसांच्या मधे तारेचं कुंपण आहे आणि त्या कुंपणाला एक भगदाड आहे. ते आमच्या मुलांनी लहानपणी पाडलं. मुलं गेली, भगदाड राहिलं, आणि आता दोन म्हाताऱ्या त्यातून कंबर वाकवून ये-जा करतात.

मिर्ता म्हणजे चौकातल्या औषधाच्या दुकानाची मालकीण. आधी दुकान तिच्या वडिलांचं होतं. आता तिला नात आहे, केस पिकलेत, पण ओर्फिलिया तिला अजून 'पोरी' म्हणते आणि तिला ते चालतं. बाई वाईट नाही, फक्त बोलायला लागली की समोरच्याचा चहा गार होतो.

"शाळेला शंभर वर्षं होतायत ना," ती सांगू लागली. "मिरवणूक काढणारेत. पोरांनी जुन्या पद्धतीचे डगले घालायचे म्हणे, मागे बटणं, पुढे चुण्या, तसले. आता तसले शिवतंय कोण? मी म्हटलं, माझाच आहे की पेटीत. आमच्या अगुस्तिनाला मापात बसतोय. ही शाई तेवढी काढा. शाळेतल्या बाई म्हणाल्या, पांढरा म्हणजे पांढरा."

तिने कागद उलगडला. कापूर आणि जुन्या लाकडाचा वास आला. डगला जुन्या लोण्यासारखा पिवळा पडला होता आणि त्याच्यावर जिकडेतिकडे नावं होती. बाह्यांवर, पाठीवर, खालच्या घेरावर, काही आडवी, काही तिरकी, एकदोघांनी फुलं काढलेली. सहावीच्या शेवटच्या दिवशी आमच्याकडे वर्गातली सगळी मुलं एकमेकांच्या डगल्यांवर नावं लिहितात. प्राथमिक शाळा संपली याची तेवढीच काय ती खूण.

"निम्मी नावं तर आता मला ओळखूही येत नाहीत," मिर्ता पर्समध्ये चष्मा शोधत म्हणाली.

ओर्फिलियाने डगला उचलला. बाह्या पाहिल्या, उलटा करून शिवण पाहिली, एका नावावर बोट ओलं करून फिरवलं. मग पुढची बाजू वर केली आणि तिचा हात थांबला. डाव्या खिशावर, अख्खा खिसा भरून, ठसठशीत निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, विल्मार.

मी वाटी खाली ठेवली. विल्मार हा ओर्फिलियाचा मुलगा. त्याला जाऊन आता जन्म लोटला.

"होईल ना?" मिर्ताने विचारलं. तिला चष्मा काही सापडला नव्हता.

"डाग राहिलेला कपडा माझ्या दारातून बाहेर जात नाही," ओर्फिलिया म्हणाली. हे ती प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणते. एरवी तोऱ्यात म्हणते. त्या दिवशी देवळात पुटपुटतात तशी म्हणाली.

"ते का मला माहीत नाही? माझ्या दुकानातलं निम्मं स्पिरिट तुमच्याच घरी येतं," मिर्ता हसली आणि आली तशी गडबडीने गेली.

आता हे शाईचं प्रकरण सांगायला हवं. आमच्या देशात शाळेतली सगळी पोरं अंगातल्या कपड्यांवरून पांढरा डगला घालतात आणि गळ्याशी मोठा निळा बो बांधतात. डॉक्टरचं पोर असो नाही तर हमालाचं, बाकावर सगळे सारखे. विचार थोर आहे, मी नाही म्हणत नाही. पण ज्याने पांढरा रंग ठरवला त्या गृहस्थाने आयुष्यात एकही डगला धुतलेला नसणार. आमच्या मुलांच्या वेळी बाकांना दौती बसवलेल्या असत. पोरं घरी यायची ती बाह्यांना, छातीला, पाठीला शाई लावून. पाठीला कशी लागते ते देवालाच ठाऊक. आणि सोमवारी डगला स्वच्छ हवा, नाही तर बाई सगळ्यांसमोर विचारणार, तुझी आई आजारी आहे का.

म्हणून शनिवारी सगळ्या आया ओर्फिलियाकडे. ती काही मोठी लाँड्री नव्हे. परसात दगडी टाकी, दोन दोऱ्या आणि गवताचा एक तुकडा, एवढंच तिचं दुकान. नवरा रेल्वेच्या दुरुस्तीच्या गँगवर, घरात पाहुण्यासारखा येणार. पण शाई काढावी तर तिनेच. ताजा डाग असेल तर कोमट दुधात भिजवायचा. जुना असेल तर लिंबू आणि मीठ लावून उन्हात टाकायचा. फारच हट्टी असेल तर खाली घडीचा टॉवेल घालून, कापूस स्पिरिटमध्ये बुडवून, डागाच्या कडेकडून आत टिपत यायचं. घासायचं कधीही नाही. घासणाऱ्या आयांचे डगले ती लगेच ओळखायची आणि त्या आईला दारातच ऐकवायची, "शाईशी भांडलीस होय? भांडणाने ती आणखी घर करते."

पण तिचा खरा मोसम डिसेंबर. सह्या केलेला डगला ज्या घरात एकच लेकरू आणि चार पैसे असत तिथे पेटीत जाई. रुळांपलीकडच्या आमच्या गल्लीत तो धाकट्या भावंडाच्या अंगावर जाई. आमच्याकडे डगल्याला पेन्शन नव्हती. त्यामुळे सुट्टी लागली की आया नावांनी भरलेले डगले घेऊन ओर्फिलियाच्या दारात उभ्या, आणि त्यांच्या मागे नाक ओढत त्यांची पोरं. ती सगळी नावं काढून टाकायची. मार्चमध्ये शाळा उघडली की धाकटं भावंड तोच डगला घालून जायचं, कोरा करकरीत. पोरं तिला 'खोडरबर' म्हणायची. दारावरून जाताना ओरडून पळून जायची.

ज्या वर्षी विल्मार सहावी झाला त्या वर्षी त्याचाही डगला भरून आला. पोरगा लांबट होता, कान बाहेर आलेले, आणि शीळ अशी घालायचा की माझ्या कोंबड्या बिथरायच्या. धाकटी बहीण ग्लादीस तेव्हा तिसरी झाली होती. मी कुंपणापाशी उभी होते, म्हणून ते सगळं माझ्या कानांवर पडलं.

"हा एक नको ना धुऊ, आई. ग्लादीसला दुसरा घे."

"दुसरा कुठून आणू? आणि तुझ्या मित्रांची नावं अंगावर घेऊन ती काय चौथीत बसणारेय?"

"मग माझं काय राहणार?"

"तू आहेस ना. नावं काय करायचीत?"

पोरगा नाताळापर्यंत तिच्याशी धड बोलला नाही. तिलाही सवड नव्हती. वर्गातल्या गल्लीकरांचे सगळे डगले तिच्याच टाकीत आले होते, माझ्या सुसानाचासुद्धा. त्या प्रत्येक डगल्यावर इतरांबरोबर विल्मारचंही नाव होतं. तिने तेही इतरांसारखंच टिपून काढलं. शाई ती शाई. वर्ष संपलं तशा त्याच्या वह्या तिने कोपऱ्यावरच्या वाण्याला पुड्या बांधायला दिल्या. आम्ही सगळ्याच देत असू.

जानेवारी म्हणजे आमच्याकडे भर उन्हाळा, आणि त्या वर्षी उन्हाचा कहर झाला. पोरं दुपारभर नदीवर असायची. पुलाच्या खाली, जिथून वाळू काढतात तिथे, पाण्यात खड्डे पडले होते. विल्मारला तिथून काढून आणलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. त्याबद्दल मी याहून जास्त सांगणार नाही.

मार्चमध्ये ग्लादीस त्याचा डगला घालून शाळेला निघाली. ओर्फिलियाने तिच्या गळ्याशी बो बांधला आणि मग गुडघ्यावर बसून त्या डगल्याचा घेर उलटापालटा करून पाहू लागली. ग्लादीस म्हणाली, "आई, उशीर होतोय." ती बघतच होती. कुठे एखादं अक्षर, एखादा टिपका राहिला असेल तर. पण तिचं काम चोख असायचं. काही राहिलं नव्हतं.

घरात त्याचा फोटो आहे, वर्गाबरोबर काढलेला, मागच्या रांगेत. पण त्याच्या हातचं अक्षर जगात कुठेच नव्हतं. हे तिच्या मनाला किती लागलं होतं ते मला फार पुढे, एकदा बोलता बोलता कळलं. तेव्हा मीच म्हटलं, "अगं, त्या औषधवाल्यांच्या मिर्ताचा डगला असेल की. एकुलती एक पोर, त्यांनी जपून ठेवलाच असणार. जा, माग."

"आणि काय म्हणून मागू? तुझ्या डगल्यातला माझा मुलगा कापून दे म्हणू?"

"म्हण की. माणूसच आहे ती."

"मी कुणाकडे काही मागितलेलं नाही, नेलीदा. आता या वयात सुरुवात नको."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हिच्यासाठीच. दर आठवड्याला स्पिरिट आणायला ती त्याच दुकानात जायची. पलीकडे मिर्ता उभी, अलीकडे ही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तेही किती वर्षं. ती बाटली घ्यायची, पैसे द्यायची, हवेबद्दल दोन शब्द बोलायची आणि परत यायची.

आणि आता तोच डगला आपल्या पायांनी चालत तिच्या टेबलावर आला होता, आणि कशासाठी, तर नावं काढायला.

"आता?" मिर्ता गेल्यावर मी विचारलं.

"आता काय? काम आलंय."

"तिला चष्म्याशिवाय दिसलं नाही. मी जाऊन सांगते. ती हा तुला देऊन टाकेल."

"तिच्या नातीला घालायचाय तो. पोरीची मिरवणूक आहे." ओर्फिलिया डगल्याची घडी घालत होती, खिसा आत जाईल अशी. "डगल्यापायी एका पोराचं मन मोडलंय मी. परत नाही मोडायची."

"तो वेगळा, ही वेगळी."

"आणि ऐक. मिर्तापाशी तोंड उघडलंस, तर ते भगदाड मी आजच्या आज तारेने शिवून टाकीन."

मला राग आला. तिचा आला, मिर्ताचा आला, शाळेच्या शंभर वर्षांचाही आला. पण माझं तोंड कसं आहे ते तिला माहीत आहे आणि तिचा शब्द कसा आहे ते मला माहीत आहे. मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशीपासून काम सुरू झालं. जुनी शाई म्हणजे जुनं दुखणं, एका औषधाला दाद देत नाही. तिने खालच्या घेरापासून सुरुवात केली. आधी दूध, मग लिंबू-मीठ, शेवटी स्पिरिट. मी समोर बसून मटार सोलत होते. आता तिची बोटं थरथरतात, पण कापूस हातात आला की थरथर थांबते. प्रत्येक नाव काढण्याआधी ती ते मोठ्याने वाचायची. पूर्वी असं करत नसे.

"रूत."

"मोंतेविदेओला असते. दुसरं लग्न केलं," मी म्हटलं.

रूत गेली.

"आनिबाल."

"तो नाही का, पेट्रोल पंपावर. पोट बघितलंस त्याचं? या डगल्यात त्याचा एक हात मावायचा नाही."

तिला हसू आलं, आणि आनिबाल टॉवेलमध्ये उतरला. असं करत आम्ही घेर संपवला, बाह्या संपवल्या. पाठीवर मधोमध एक नाव होतं, शेजारी पाकळ्या मोजून काढलेलं फूल. ओर्फिलियाने कापूस उचलला आणि माझ्याकडे बघितलं.

"सुसाना आहे. काढू?"

"काढ की. ती आहे ना. दर रविवारी फोन करून माझं डोकं खाते. नाव काय करायचंय?"

बोलून गेले आणि मग माझं मलाच कळलं मी काय बोलले. ओर्फिलियाने फूल आधी काढलं, मग नाव. मी शेंगा सोलत राहिले आणि दाण्यांऐवजी टरफलं भांड्यात टाकत राहिले.

मग खिसा तेवढा राहिला. तिने टॉवेलची कोरडी बाजू वर करून खिशाच्या आत घातली. हाताने कापड सारखं केलं. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि हात वर धरून बसली. विल्मारची पहिली रेघ जाड होती, टाक जोरात दाबलेला, शाई दोन्ही बाजूंना थोडी फुटलेली. शेवटच्या अक्षराची शेपटी खिशाच्या शिवणीवरून खाली उतरली होती. ती बघत राहिली. बोळा वाळला. तिने तो परत बुडवला. परत वाळला.

"स्पिरिट उडून जातं बघ," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

माझ्याच्याने तिथे बसवेना. मी भांडं उचललं आणि भगदाडातून घरी आले. स्वयंपाकघरात उभी राहून रडले, आणि मग टरफलांतून मटार निवडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर तिच्या परसातल्या गवतावर डगला पसरलेला. पिवळेपणा काढायचा तर ती साबणाचं पाणी लावून कपडा असाच उन्हात गवतावर टाकते आणि वाळत आला की झारीने परत भिजवते. वसंतातलं ऊन लख्ख पडलं होतं. डगल्याच्या बाह्या दोन्हीकडे पसरल्या होत्या आणि डाव्या खिशावर एक पत्र्याची ताटली पालथी घातली होती.

ऊन शाई खातं हे तिच्याइतकं या गावात कुणाला माहीत नाही.

मी काही विचारलं नव्हतं, तरी ती टाकीपाशी उभी राहून म्हणाली, "वाऱ्याने उडू नये म्हणून ठेवलीय."

पान हलेल इतकाही वारा नव्हता. "बरं केलंस," मी म्हटलं.

ऊन कलेल तशी ती ताटलीही सरकवत होती, खिशाचा कोपरा उघडा पडू नये म्हणून. बाकीचा डगला रोज थोडा थोडा उजळत गेला. मी मनात हिशेब करत होते की ही मिर्ताला सांगणार काय. खोटं बोलणं तिला जमत नाही. त्यासाठी सराव लागतो, आणि सगळा सराव आमच्या दोघींत मी करून घेतलाय.

मिर्ता सांगितल्यापेक्षा आधीच आली. डगला नुकताच निळीच्या पाण्यातून काढून, पिळून, बादलीच्या काठावर ठेवलेला होता. मी वाटीत येर्बाची पानं भरत होते, पाणी अजून घालायचं होतं. या वेळी मिर्ताच्या नाकावर चष्मा होता.

"झालं का? अगुस्तिना घरात नाचतेय नुसती. म्हटलं ओला तर ओला, मी घरी इस्त्री करीन."

ओर्फिलियाने हात पुसले. ओला डगला खांद्यांना धरून उभा केला. असा पांढरा होता की डोळे दिपावेत. घेर, बाह्या, पाठ, सगळं कोरं. आणि डाव्या खिशावर ते एक नाव.

"हा एक निघाला नाही," ती म्हणाली.

"कुठला?" मिर्ता पुढे वाकली. "अरे हो. लिंबू लावून बघितलंत?"

"लावलं."

"स्पिरिट?"

"तेही झालं."

"मग थांबा, आमच्याकडे नवीन औषध आलंय. बाटलीवर लिहिलंय कुठलाही डाग जातो म्हणून. कंपनीचा माणूस शपथ घेत होता. मी आत्ता जाऊन आणते, तुम्ही नुसतं..."

"नको."

"पैशाचं नका बघू, दुकानातलंच आहे."

"नको म्हटलं ना, पोरी."

मिर्ताला असं कुणी तोडून बोलत नाही. तिने ओर्फिलियाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी वाटीत बघत होते. मग तिने पुन्हा खिसा बघितला आणि या वेळी वाचला. वाचताना तिचे ओठ हलले.

मिर्ता गप्प बसलेली मी पहिल्यांदा पाहिली. मग ती बाकावर बसली, न सांगता.

"हे त्याने लिहिलं तेव्हा मी रडले होते," ती म्हणाली. "सगळा खिसा एकट्याने खाल्ला म्हणून. बाकीच्यांनी आपलं बोटभर लिहिलं होतं. घरी गेल्यावर आईसुद्धा रागावली. पण लिहायच्या आधी त्याने विचारलं होतं मला."

"काय विचारलं?" ओर्फिलियाचे हात डगल्यासकट खाली आले होते.

"तुझा डगला माझ्या आईकडे धुवायला येणार का, असं. मी म्हटलं, नाही, आमच्याकडे पेटीत ठेवतात. तर म्हणाला, मग मोठं लिहितो."

ओर्फिलियाने डगला टेबलावर आडवा केला. खिशाची एक कड दुमडली गेली होती, ती तिने अंगठ्याने सरळ केली. परत सरळ केली, नव्हती दुमडलेली तरी.

"आला की," ती म्हणाली. "शेवटी माझ्याकडेच आला."

मी वाटी तोंडाला लावली. चहा नव्हताच तिच्यात. मिर्ताने चष्मा काढला, झग्याच्या टोकाने पुसला आणि परत घातला. मला वाटलं, आता ही रडणार, गळ्यात पडणार, 'घ्या हो हा, तुमचाच आहे' म्हणणार, आणि मग ओर्फिलिया ताठ होऊन नको म्हणणार, आणि सगळं फुकट जाणार. मिर्ताला मी इतकी वर्षं ओळखते असं मला वाटत होतं. ओळखत नव्हते.

ती उठली. पर्स काखेत मारली. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलते त्या आवाजात म्हणाली, "ओर्फिलियाबाई, डाग राहिलेला कपडा तुमच्या दारातून बाहेर जात नाही ना?"

"नाही."

"मग मी कसा नेणार? ठेवा तुमच्याकडे."

"पोरीची मिरवणूक आहे," ओर्फिलिया म्हणाली.

"पोरीची आजी अजून जिवंत आहे आणि तिला शिवणाचं मशीन चालवता येतं. माप तेवढं घेते." मिर्ताने ओल्या डगल्याच्या पाठीवर, खांद्यापासून घेरापर्यंत, वीत टाकून माप घेतलं. खिशाला तिने हात लावला नाही. मग टेबलावरचा तो जुना कागद घडी करून पर्समध्ये टाकला. "निळीचं पाणी जरा जास्त झालंय हां," जाता जाता ती म्हणाली.

"निळीचं मला शिकवू नको," ओर्फिलिया म्हणाली.

दार लागलं. रस्त्यावरून मिर्ताच्या चपलांचा आवाज येत होता, नेहमीपेक्षा हळू. मला बोलायचं खूप होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा सुरुवात कुठून करावी ते सुचत नव्हतं. म्हणून हाताला काहीतरी काम द्यावं म्हटलं. डगला ओलाच होता. मी चिमटे उचलले, डगला हातावर टाकला आणि परसातल्या दोरीकडे निघाले. दोरीवर दुपारपर्यंत कडक ऊन असतं. ती त्यासाठीच तिथे बांधलेली आहे. माझ्या आठवणीत या घरातला प्रत्येक ओला कपडा तिथेच गेलेला आहे.

ओर्फिलिया माझ्या मागे आली आणि तिने डगला माझ्या हातावरून उचलून घेतला.

"तिथे नको," ती म्हणाली.

तिने मांडवाखालची एक खुर्ची ओढली आणि डगला तिच्या पाठीला चढवला, माणसाच्या खांद्यांवर चढवावा तसा. बटणं लावली. पण वेलीला नुकती कुठे पानं फुटली होती, सावली विरळ होती, उन्हाचे कवडसे खिशावर पडत होते. ती थोडा वेळ बघत उभी राहिली. मग खुर्ची तशीच उचलून स्वयंपाकघराच्या दारात नेऊन ठेवली.

मी नवं पाणी तापवून चहा भरला. आम्ही दोघी दाराशी बसलो, पाळीपाळीने नळी ओढत. डगल्याच्या घेरातून मधूनच एक थेंब फरशीवर पडत होता. दुपार चढत गेली तसं ऊन अंगणातून पायरीवर आलं, पायरीवरून उंबऱ्यावर. खुर्चीच्या पायाशी पोचलं तेव्हा ओर्फिलियाने वाटी माझ्या हातात दिली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि खुर्ची आत ओढून घेतली.